बॉयलरमधला कोंडा

वाफेच्या इंजिनाचं नाव काढलं की माणसं हळवी होतात. परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, लहानपणी ती शिट्टी ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा. मी म्हटलं, माझ्याही यायचा, पण मी तेव्हा कपडे वाळत घालत असायचे. त्यांनी मठ्ठा मागितला.

मला ती इंजिनं आवडत नव्हती. आजही आवडत नाहीत. आमच्या घरातली पोरं मला ही गोष्ट सांगायला लावतात आणि वर म्हणतात, किती रागाने सांगतेस. राग येण्यासारखीच आहे, मग काय करू?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी ठाण्याच्या कोपरीतून कल्याणला रेल्वे क्वार्टरमध्ये आले. स्थळ सांगून आलं तेव्हा मी ‘रेल्वे क्वार्टर’ या दोन शब्दांवर भाळलेले. पुढे बाग, मागे अंगण, वर लाल कौलं. बाग नव्हती. कौलं होती, पण ती मुळात लाल होती की कसली, हे सांगू शकेल असं माणूस त्या वस्तीत उरलेलं नव्हतं. मागच्या भिंतीला लागून यार्डाच्या लायनी होत्या. गाड्या ओढायचं काम केव्हाच विजेच्या इंजिनांकडे गेलेलं, आणि वाफेची उरलीसुरली म्हातारी इंजिनं यार्डात मालडबे इकडून तिकडे ढकलत बसायची. ढकलायची डबे, आणि धूर सोडायची आमच्या दोरीवर. माझी अबोली रंगाची साडी दोन महिन्यांत राखी झाली. पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने कुरडया घातल्या, तर संध्याकाळी शेजारणीने विचारलं, तीळ घातलेत का?

मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच यार्डात शंटिंग ड्रायव्हर होते. त्यांचं एक ठरलेलं इंजिन होतं आणि ते त्याच्याबद्दल घरातल्या थोरल्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलायचे. धाकटी मी. दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि ड्रायव्हरच्या घरच्या बायका ताट घेऊन जायच्या. माझ्या पहिल्या दसऱ्याला मामंजींनी सगळ्यांदेखत मला पुढे बोलावलं, सूनबाई, कुंकू लाव. मी कुंकू लावायच्या आधी रुमालाने बोटापुरती जागा पुसून घेतली. माझ्या मते ते स्वच्छतेचं लक्षण होतं. फायरमन लोक हसले. मामंजी हसले नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलेनासे झाले. मी समोर पोळी वाढत असले तरी सासूबाईंना सांगायचे, तिला म्हणावं पुरे.

मीही काही कमी नव्हते. त्यांचे ड्यूटीचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवायचे आणि ती बादली त्यांना दिसेल अशीच ठेवायचे.

आता कोंडा. रविवारी मी आठवड्याचं गव्हाचं पीठ चाळायचे. निघालेला कोंडा सासूबाई डालड्याच्या रिकाम्या डब्यात साठवायच्या आणि मामंजी ड्यूटीवर जाताना तो पिशवीत ओतून न्यायचे. मला वाटायचं, वाटेत कुणाची गाय असेल. माणूस इतका खडूस, पण गाईला घालतो, म्हणून मला थोडं बरंही वाटायचं. एक दिवस मटार सोलता सोलता सासूबाईंनी सांगून टाकलं की गाय वगैरे नाही, तो कोंडा इंजिनाला जातो.

त्यांनी सांगितलं ते असं. बॉयलरमध्ये पाणी असतं आणि त्या पाण्यातून आरपार नळ्या गेलेल्या असतात. नळ्यांतून आगीची धग जाते, बाहेरचं पाणी तापतं, वाफ होते. नळ्या जुन्या झाल्या की त्यांच्या सांध्यातून पाणी गळायला लागतं. नव्या नळ्या येत नव्हत्या, कारण सगळी वाफेची इंजिनं भंगारातच जायची होती, त्यांच्यावर कोण खर्च करणार? मग जुने ड्रायव्हर पाण्यात कोंडा टाकायचे. कोंडा फुगतो, फटींत जाऊन बसतो, गळती थांबते. निदान तपासणीला माणूस येऊन जाईपर्यंत थांबते. गळती दिसली असती तर इंजिन भंगारात आणि मामंजी कुठल्या तरी टेबलामागे.

हे सासूबाईंनी मला सांगितलं, कारण मी घरातली होते. मी ते माझ्या बाबांना सांगितलं, कारण तिथेही मी घरातलीच होते.

बाबा रेल्वेच्या बॉयलर तपासणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, हे मी विसरले असं म्हणायची सोय नाही. लग्नाच्या बोलण्यांत दोन्ही घरं रेल्वेची म्हणून किती कौतुक झालेलं. शेजारच्या टाकीचं झाकण तिरकं बसतं म्हणून नगरपालिकेला पत्र लिहिणारा माणूस तो. पण मी पाचवा महिना लागल्यावर दोन दिवस माहेरी गेलेले, आई आमटी वाढत होती, आणि सासरची गाऱ्हाणी सांगायला मला एवढी रंगत आलेली की मी थांबेचना. मी चाळायचं आणि यांच्या इंजिनाने खायचं, असं मी म्हटलं. आई हसली. बाबांनी घास ताटात परत ठेवला.

“किती दिवसांपासून?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना माझी दया आली. मी म्हटलं, मी आले तेव्हापासून, दर आठवड्याला डबा भरून. डबा अर्धाच असायचा. गोष्ट सांगताना मी नेहमीच थोडा जास्त भरते, ही सवय अजून गेलेली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तपासणीला इन्स्पेक्टर आला. दरवेळी तो बाहेरून बघायचा, चहा प्यायचा आणि सही करायचा. या वेळी त्याने आल्या आल्या बॉयलर थंड करून रिकामा करायला लावला. खालचं झाकण उघडून गाळ काढला, तर लापशी निघाली. इंजिन त्याच दिवशी कामातून बाद झालं. मामंजींच्या हातात कागद आला आणि त्यांना लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड हजेरी लावतात त्या खोलीत, वहीपुढे बसवलं. ज्यांच्याकडे त्यांनी एरवी ढुंकूनही बघितलं नसतं, अशा पोरसवद्या मोटरमनना ते आता विचारायचे, किती वाजता आलास?

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

“इन्स्पेक्टरने बॉयलर बघायच्या आधी विचारलं, कोंडा कुठंय. त्याला कोंडा कोणी सांगितला?”

मी खोटं बोलू शकले असते. पण मला खोटं चटकन सुचत नाही, नंतर सुचतं. मी म्हटलं, मी बाबांपुढे बोलले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की हिचं बाळंतपण इथे होईल, ही ठाण्याला जाणार नाही आणि त्या माणसाचा पाय या घराला लागणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवायचंच नसतं, ते ठरलेलंच असतं. माझं लक्ष तर लग्न झाल्यापासून त्या तीन महिन्यांवर होतं. आईच्या हातचं गरम जेवण, कोपरीतली आमची खोली, खिडकीपाशी पाय लांब करून बसणं, आणि कुणी मला काही म्हणणार नाही. तेच गेलं.

पुढचे दोन महिने त्या घरात कसे काढले, ते सांगून मजा नाही. मामंजींनी माझ्या हातचा चहा सोडला. सासूबाई मला म्हणाल्या, मी विश्वासाने सांगितलं गं. मला त्यांचं ते गं जास्त लागलं. आमचे हे डोंबिवलीला कारखान्यात होते आणि घरात तंटा सुरू झाला की यांना हटकून ओव्हरटाइम लागायचा. बाबांना मी पत्र लिहिलं की निदान चूक झाली म्हणा. त्यांचं उत्तर आलं. चूक झालेली नाही, बॉयलर फुटला असता तर पाच माणसं गेली असती, तुझ्या सासऱ्यांसकट. त्याखाली आईने वेगळ्या शाईत लिहिलेलं, तब्येत सांभाळ.

सातवा संपत आला तसे आई-बाबा मला न्यायला आलेच. न बोलावता. आईच्या हातात ओटीचं सामान, बाबांच्या हातात माझ्यासाठी आणलेली छत्री. मामंजींची साप्ताहिक सुट्टी होती. ते दारातच उभे राहिले, वाट न सोडता.

“व्याहीबुवा, मुलीला न्यायला आलोय,” बाबा म्हणाले. “रीत आहे.”

“रीत तुम्हाला माहितीये, बरं झालं. मला वाटलं, तुम्हाला फक्त रूल माहितीयेत.”

“रूल पाळले म्हणून तुम्ही आज धडधाकट दारात उभे आहात.”

सासूबाई मागून म्हणाल्या, अहो, पोटुशी आहे ती, तिच्यासमोर नको. मामंजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी बाबांना सांगितलं की ते इंजिन याच आठवड्यात तोडायला घेतलंय, मागच्याच लायनीवर आहे, आज बॉयलर कापताहेत. तुमच्या कागदाने गेलंय, तर उभं राहून बघा. शेवटपर्यंत बघा. मग घेऊन जा.

बाबा चपला न काढताच वळले आणि घराला वळसा घालून मागे गेले.

आम्ही तिघी मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिलो. गरोदर बाईने असलं काही बघू नये, असं सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी स्टूल घेऊन आल्या. दोन्ही विहिणींचं आपसात काही वाकडं नव्हतं. आईने विचारलं, मेथीचे लाडू इथे करून ठेवलेत का, आणि सासूबाईंनी सांगितलं, डब्यात बांधून ठेवलेत. म्हणजे मला माहेरी धाडायचं त्यांनी केव्हाच ठरवलेलं होतं, फक्त घरात सांगितलं नव्हतं.

पितळी सामान आधीच काढून नेलेलं. चाकं, धुराडं नसलेलं ते धूड ओंडक्यांवर ठेवलेलं आणि ठेकेदाराची दोन माणसं गॅस कटर घेऊन त्याच्यावर चढलेली. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. माझ्या साड्यांचा, कुरडयांचा आणि दोन महिन्यांच्या अबोल्याचा हिशेब कोणीतरी चुकता करतंय, असं वाटलं.

मामंजी गप्प उभे राहतील, अशी माझी कल्पना होती. ते पहिल्या पाच मिनिटांतच कटरवाल्यावर खेकसले. “अरे तिथून नको, ऊपर से काट. खालून कापलंस तर अख्खा पत्रा तुझ्या अंगावर येईल.” तो ऐकेना, तर हे स्वतः पुढे गेले आणि खडूने रेघ मारून दिली. मग इथे, मग इथे. स्वतःच्या इंजिनाचे तुकडे कुठे पाडायचे, ते त्यांनी ओळीने दाखवलं. बाबांच्या तोंडून निघून गेलं, बरोबर सांगताहेत. मामंजींनी मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं की बाबा दोन पावलं मागे सरले.

तासाभराने बॉयलरचा पत्रा सुटून खाली पडला. त्याची धग कमी होईपर्यंत सगळे थांबले. आणि मग माझ्या बाबांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली, धोतर सावरत खाली बसले आणि पत्र्याची कड मोजली. एकदा नाही, तीन ठिकाणी मोजली. इतक्या लांबूनही मला दिसलं की एका जागी ती कड भाकरीएवढीसुद्धा जाड नव्हती. बाबांनी तिथे बोट ठेवलं आणि वर पाहिलं.   ते बरोबर होते, आणि मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा मामंजींचा कधी आला नव्हता.

“झालं मोजून?” मामंजी म्हणाले. “आता मुलीला न्या.”

ते घरी आले नाहीत, यार्डातून तसेच लॉबीकडे गेले, सुट्टी असताना. सासूबाईंनी माझी ओटी भरली, लाडवांचा डबा दिला. स्टेशनवर, गाडीत, कोपरीच्या पुलावर बाबा मला पत्रा किती झिजला होता ते सांगत राहिले. शेवटी मी म्हटलं, “बाबा, मी तुमच्याकडे सासुरवासाचं रडगाणं गात होते. बॉयलरची तक्रार दिली नव्हती.”

“मला ते ऐकू आल्यावर मी काय करायचं होतं?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.  

जे मागितलं ते मिळालं. आमची खोली, आईच्या हातचा गरम भात, खिडकीपाशी लांब केलेले पाय. दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्या डोक्याला तेल लावायला बसली आणि तिने तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक आई विचारते. आता सांग, सासरी सगळं कसं चाललंय? पलीकडे आरामखुर्चीत बाबा पेपर वाचत होते. पेपराची सळसळ थांबली.

“छान चाललंय,” मी म्हटलं.

आई म्हणाली, छान म्हणजे काय, नीट सांग की. मी म्हटलं, छान म्हणजे छान. तेल डोळ्यांत जाईल, जरा हळू लाव. आईने वेणी घालायला घेतली. बाबांनी पान उलटलं.