उजव्या कुशीतला खडा

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला, पेनाचं टोपण एका पांढऱ्या ठिपक्यावर टेकवलं आणि म्हणाले, "हा खडा. एवढा मोठा आपोआप पडायचा नाही. कूस उघडून काढावा लागेल." चिठ्ठीवर त्यांनी 'रीनल कॅल्क्युलस' असं लिहिलं. म्हणजे मूत्रपिंडात झालेला खडा. ऑपरेशनसाठी दहा दिवसांनंतरचा गुरुवार ठरला.

खडा वाटाण्याएवढा, गोलसर, चांगला ठसठशीत होता. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला थोडा अभिमानच वाटला. आमच्या कचेरीतल्या साहेबांनाही आदल्या वर्षी खडा निघाला होता, पण तो मुगाएवढा.

मी तेव्हा वडूजला कारकून होतो. दुष्काळी कामांवरच्या हजेऱ्या लिहून हात मोडून यायचा, तो काळ नुकताच संपला होता. वय पंचेचाळीस, पण पोट साठीतल्या माणसाचं. दुखणं तीन महिन्यांचं होतं. बरगडीखाली उजवीकडे जळजळ उठायची आणि पाठीपर्यंत जायची.

आता माझा शहाणपणा ऐका. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर मी माझं दुखणं सांगायचं सोडून साहेबांचं सांगितलं. साहेबांनी आपल्या खड्याची हकीकत कचेरीत इतक्या वेळा रंगवली होती की ती मला पाठच होती. कळ कमरेतून निघते, खाली उतरते, घाम फुटतो. त्यातलं पाठीचं तेवढं माझं होतं. बाकीचं उसनं. आपल्याला काय झालंय हे आपणच ठरवून डॉक्टरांकडे जायचं, ही खोड आमच्याकडे बहुतेकांना असते. साताऱ्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मी सांगितलेली गोष्ट आणि फोटोतला ठिपका, दोन्हींचा मेळ बसत होता.

घरी आल्यावर शांतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं निमूट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगलीला भावाला निरोप धाडला. रघुनाथ, माझा मेहुणा, तिथे वर्कशॉप चालवायचा. पाण्याच्या पंपांचे भाग करता करता तो एका डॉक्टरांसाठी एक्स-रेचं टेबल बनवायला लागला होता. ते मोटरवर उभं राहायचं, आडवं व्हायचं, मधेच तिरकं थांबायचं. तो आला आणि फोटो न बघताच म्हणाला, "दाजी, कापून घ्यायची एवढी घाई हाय व्हय? आमच्या डॉक्टरास्नी एकदा दावा. कापायचंच आसंल तर सांगलीतबी सुऱ्या मिळत्यात."

गुरुवारला सहा दिवस उरले असताना आम्ही तिघं एसटीनं सांगलीला गेलो.

सांगलीचे डॉक्टर साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे. मी पिशवीतून फोटो काढायला लागलो तर म्हणाले, "तो राहू द्या. आधी तुम्ही सांगा." मी साहेबांची कळ पुन्हा सुरू केली. त्यांनी मधेच विचारलं, "कळ आल्यावर तुम्ही काय करता?" शांता म्हणाली, "काय करत्यात? भाकरी खात्यात. अर्धी भाकरी पोटात गेली की गप व्हत्यात. म्हणून तर पोट आसं वाढलंय."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. मग त्यांनी अर्धा तास मला फक्त प्रश्न विचारले. उपाशी असताना दुखतं का? पहाटे जाग येते का? दुधानं बरं वाटतं का? सगळ्यांना हो. शेवटी फोटो बघून ते म्हणाले, "खड्याची कळ आलेला माणूस भाकरी मागत नाही, जमिनीवर लोळतो. साताऱ्याच्या कागदांत तुमची लघवीची तपासणीही स्वच्छ आहे. फोटो खडा म्हणतोय आणि तुमचं पोट काहीतरी वेगळंच म्हणतंय. मला हाच ठिपका कुशीवरून बघायचाय."

इथे रघुनाथचं टेबल आडवं आलं. ते नुकतंच दवाखान्यात बसवलं होतं आणि त्याला त्याचा फार अभिमान. माणूस हलला की फोटो पुसट येतो, हे कुणीतरी सांगितल्यावर त्यानं टेबलाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कठडे आणि छाती, कंबर, गुडघ्यांवर जाड पट्टे बसवले होते. पाठीवर निजवलेला माणूस जरासुद्धा हलणार नाही, अशी व्यवस्था. कुशीवर वळायची सोयच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "रघुनाथराव, तुम्ही माणसाला उसाच्या मोळीसारखा आवळलाय. सावली स्वच्छ येईल, पण ती पोटात किती खोल आहे हे मला कसं कळणार? मला माणूस वळवून बघावा लागतो."

रघुनाथला ते लागलं. त्या पट्ट्यांसाठी तो पंधरा दिवस खपला होता. "आवं, पण हलला तर फोटो बिघडंल की," एवढं बोलून तो पान्हा आणायला गेला. एका बाजूचा कठडा काढला, पट्टे सोडले, माझ्या पाठीला दवाखान्यातल्या दोन उशा लावल्या. डॉक्टरांनी मला कपडे उतरवायला सांगितलं, अंगावर धातूचं काही ठेवू नका म्हणाले. मी अंगठी, घड्याळ, चष्मा, सगळं शांताच्या ओच्यात दिलं आणि कमरेला पंचा गुंडाळून कुशीवर झालो.

बाहेरच्या बाकावर आम्ही ओला फोटो वाळायची वाट बघत बसलो. शांता हळूच म्हणाली, "गुरुवार टळला तर बरं हुईल." तेवढंच. तिलाही भीती वाटत होती, हे मला त्या बाकावर कळलं. चार दिवस मी एकटाच घाबरलोय असं धरून चाललो होतो.

डॉक्टर बाहेर आले ते फोटो घेऊनच. मूत्रपिंड कण्याच्या शेजारी, आत असतं. आमचा ठिपका कण्याच्या मागं होता, पाठीच्याही मागं, कातडीच्या बाहेर. डॉक्टरांनी मला आत नेलं, पंचा वर केला, कमरेवरून बोट फिरवलं आणि पाठीमागं थांबले.

"हे काय आहे?"

"करदोटा," मी म्हणालो. "आणि त्यात बारकी कवडी."

मी लहानपणी फार आजारी पडलो तेव्हा आईनं ती देवीच्या ठिकाणाहून आणून करदोट्यात बांधली होती. दरवर्षी दोरा नवा, कवडी तीच. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. साताऱ्यातही मला धातू काढायला सांगितलं होतं आणि मी काढला होता. पण कवडी धातू थोडीच? आणि आमच्याकडे पुरुष आंघोळीलासुद्धा करदोटा सोडत नाही. तो अंगावर आहे हेच मुळी ध्यानात राहत नाही. तो अंगच असतो. माझ्या पोटाच्या घेरामुळे तो वर सरकून बसलेला, निजलं की कवडी नेमकी पाठीखाली मूत्रपिंडाच्या उंचीला जायची. डॉक्टर म्हणाले, कवडी आणि खडा, दोन्हींत कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश. सावली सारखीच पडते.

रघुनाथ भिंतीला टेकून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. "दाजी, पोट फाडून आत काय शोधलं असतं वो त्यांनी?" मला हसू यायला वेळ लागला.

खडा गेला, पण जळजळ होतीच. दुसऱ्या दिवशी 'बेरियम मील' झालं. म्हणजे पाटीवरच्या खडूचं पिठलं करून दिल्यासारखं पांढरं औषध प्यायचं, आणि ते पोटातून उतरताना अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर बघायचं. त्याला स्क्रीनिंग म्हणतात. अंधारात दिसावं म्हणून डॉक्टर आधीपासून लाल चष्मा लावून बसले होते. या वेळी करदोटा काढताना मी अडलो. डॉक्टरांनी घाई केली नाही. "तुमच्या मंडळींच्या हातात द्या. झालं की लगेच बांधा," म्हणाले. शांतानं तो मुठीत धरला.

सरळ निजलो तेव्हा पडद्यावर काही दिसेना. मग डॉक्टरांनी मला थोडं डावीकडे वळवलं, टेबल तिरकं करायला लावलं आणि शिशाच्या जाड हातमोज्यातला हात माझ्या पोटावर दाबला. पांढरं औषध बाजूला सरलं आणि एक छोटा ठिपका तेवढा मागं राहिला. "ड्युओडेनल अल्सर," ते म्हणाले. म्हणजे जठराच्या पुढच्या आतड्यातली जखम. "रघुनाथराव, आता बघा. हात काढला की झाकली. दाबला की दिसली."

रघुनाथनं काचेमागून दोनतीनदा ते पाहिलं. मग तो म्हणाला, "म्हंजे तुमच्या हाताला जागा ठिवाय पायजे व्हती. मी तर समदी जागा पट्ट्यांनीच खाल्ली."

अल्सरला चाकू लागला नाही. गोळ्या, दर दोन तासांनी दूध, तंबाखू बंद, तिखट बंद. सातारी माणसाला तिखट बंद म्हणजे अर्धी शिक्षाच. चार महिने मी मऊ भात खाल्ला आणि घरात सगळ्यांवर चिडलो. जखम भरली.

रघुनाथनं टेबल उकलून पुन्हा जोडलं. पट्टे गेले, कठडा खाली पाडता यायला लागला, वळवलेल्या माणसाला आधार द्यायला गादीची पाचर आली. दुसरं टेबल करायच्या आधी तो महिनाभर आठवड्यातली एक सकाळ डॉक्टरांच्या शेजारी नुसता उभा राहिला, त्यांचे हात कुठं जातात ते बघत. आणि दवाखान्यातल्या पाटीवर 'धातूचे दागिने काढावेत' याच्या खाली डॉक्टरांनी स्वतः लिहिलं, 'करदोटा, ताईत, कवडी, अंगावर बांधलेलं सगळं.' ती ओळ माझ्यामुळे आहे, हे मी तिथे कुणालाही सांगत नसे.

तुमच्यापैकी कुणाला असा फोटो हातात मिळाला तर घाबरा, पण दुखणं तुमचंच सांगा. शेजाऱ्याचं नको. काय खाल्लं की थांबतं, हेही सांगा. आणि ते ऐकून घेणारा डॉक्टर भेटला तर त्याला जन्मभर विसरू नका. मी नाही विसरलो.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला शांतानं मला तेल लावलं. पाठीवरून तिचा हात उजव्या कुशीवर आला, तिथे जरा थांबला. व्रण असता तर तिथेच असता. मी विचारलं, काय झालं? "काई न्हाई," ती म्हणाली, "सरळ बसा," आणि पुन्हा जोरात चोळायला लागली.