मुरारची मेमसाहेब

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ह्यांच्याकडे मुरारच्या इंग्रज रेसिडेन्सीतले जुने कागद लावण्याचं काम आलं. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. साहेबलोक जाताना मागे टाकून गेलेले खलिते, खाजगी चिठ्ठ्या, रोजनिशा तशाच पडून होत्या. हे इंग्रजीत पक्के, म्हणून ह्यांनाच बसवलं.

त्या ढिगात ह्यांना एका मेमसाहेबाची रोजनिशी सापडली. मग रोज जेवताना तीच. आज तिनं दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घेतलं, आज तिचा मुलगा तापानं फणफणला. "काय बारीक नजर आहे बाईची!" हे म्हणायचे, आणि पानातली आमटी निवून जायची. पाटणकर बाजारातून मी हौसेनं आणलेलं हिरवं पातळ मात्र ह्यांना कितीदा नेसूनही दिसलं नव्हतं.

"मेलेल्या बाईचा कसला राग धरतेस?"

"मेली असती, तर रोज माझ्या पानाशी येऊन बसली असती का?"

मला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं. एका दुपारी मी माधवगंजातून टांगा केला आणि थेट ह्यांच्या दफ्तरात गेले. "कुठे आहे ती? दाखवा."

हे हसले, पण रोजनिशी पुढे केली. अक्षर सुरेख होतं. त्याचाही मला राग आला. बोट ठेवून हळूहळू वाचत गेले. मुलाच्या आजारपणात आया रात्ररात्र जागली होती.

"आयाचं नाव काय हो?"

ह्यांनी मागची-पुढची पानं उलटली. घोड्याचं नाव होतं, कुत्र्यांचीही होती. आयाचं कुठेच नव्हतं.

"राहिलं असेल लिहायचं."

"बारीक नजर ना?" मी म्हटलं. ह्यांनी रोजनिशी मिटून ठेवली.

त्यानंतर घरात तिचा विषय निघाला नाही. पण हात धुताना काहीतरी आठवून हे एकटेच हसायचे, आणि माझा जळफळाट व्हायचा.

मग नवा प्रांत झाला, भोपाळ राजधानी झाली. कागदांच्या पेट्या तिकडे निघाल्या आणि सोबत ह्यांचा तबादला. माझं सारं माहेर मुरारजवळच्या लष्कर शहरात.

"नाही म्हणता येणार नाही का?"

"येईल गं. पण त्या पेट्या दुसऱ्या कुणाच्या हाती..." मी रडत रडत भांडी बांधली. त्या बाईपायी माझं गाव सुटलं.

भोपाळात जागाच नव्हती. पेट्या गोदामात कुलूपबंद झाल्या आणि ह्यांना महसुलाच्या कामाला लावलं. संध्याकाळी तोंड पाडून घरी आले. मी गरम पोळी वाढली, वर तूप जरा जास्तच घातलं.

"हस, हस," हे म्हणाले. थोडं जेवल्यावर वर बघून विचारलं, "तू काय केलंस दिवसभर?"

नळाला पाणी नव्हतं, शेजारीण बोलली नव्हती, दूधवाला माझ्या हिंदीला हसला होता. मी सगळं सांगितलं, काही म्हणता काही गाळलं नाही.