मराठी आकड्यांसाठी देवगाव रंगारीला

“मेंबर्सचे फोन नंबर द्या. मग हॉल, जेवण, सगळं आमच्याकडून,” एका कंपनीचे एचआर मॅनेजर म्हणाले.

“नंबर कशाला, सर?”

“अहो, भरती करायचीय. उगीच कोण देतं?”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, नोकरी चिकलठाण्याला. सुटीच्या दिवशी आमचा पंचवीसेक जणांचा ग्रुप ओपन सोर्सचं काम करतो. म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो, असं सॉफ्टवेअर. आमचा प्रोग्राम वाचनालयांसाठी आहे; तो प्रकल्प चालवणारे मुख्य लोक दुसरीकडे असतात, आम्ही त्यात भर घालतो. पगार कुणालाच नाही. पण वर्षातून एकदा दिवसभर एकत्र बसायचं तर जागा लागते, इंटरनेट लागतं, जेवण लागतं. त्यासाठी स्पॉन्सर शोधावा लागतो.

नंबर लोकांनी माझ्या भरवशावर दिले होते. मी नाही म्हटलं. कार्यक्रम चार दिवसांवर आणि हॉल गेला. ग्रुपवर कळवलं. इम्रान, आमचा सगळ्यात हुशार प्रोग्रामर, त्यानं लिहिलं, “बराबर किये मॅडम. पन अब बैठना किधर?”

संध्याकाळी कांबळेबाईंचा फोन आला. त्या देवगाव रंगारीच्या वाचनालयात ग्रंथपाल आहेत, आमचाच प्रोग्राम वापरतात.

“इकडंच या की. जागा लई हाय. पिठलं-भाकरी आम्ही करतो.”

रविवारी एसटीनं गेलो. लॅपटॉप उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “आधी माझं काम बघा.”

एका आजोबांनी पुस्तक परत आणलं होतं. बाईंनी ४१२ टाइप केलं. स्क्रीनवर आलं, ‘पुस्तक सापडले नाही.’ बाईंनी शांतपणे वही ओढली आणि नोंद केली.

इम्रान पुढं सरकला. “बाई, इंग्रजी आकडे टाका ना.”

“पुस्तकावर आकडे मराठी, कीबोर्ड मराठी. दर वेळी बदलत बसू व्हय? रांग लागती इथं.”

“मग आम्हाला सांगितलं का नाय?”

“मला वाटलं, मलाच जमत नाय. दोन वर्षं झाली.”

त्या दोन वर्षांत आम्ही स्क्रीनचे रंग तीनदा बदलले होते.

ठरलेली सगळी कामं बाजूला ठेवली. तीन वाजेपर्यंत इम्राननं मराठी आकडेही ओळखणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, तयार केला. बाईंनी पुन्हा ४१२ टाकलं. पुस्तक आलं. विश्वास बसेना, म्हणून त्यांनी आणखी सात पुस्तकं शोधून पाहिली आणि मग एवढ्या मोठ्यानं हसल्या, की बाहेर पेपर वाचणारे आत आले.

आठवड्याभरात प्रकल्प चालवणाऱ्या मुख्य लोकांनी पॅच मंजूर केला. सोबत मी त्या दिवसाची हकीकत लिहिली होती. ती वाचून त्यांनीच विचारलं, तुमच्या ग्रुपला काय लागतं? मी लिहिलं, गावोगाव जायला प्रवासखर्च. तो आता दरवर्षी मिळतो. एचआर मॅनेजरांनाही दोन माणसं मिळाली. आमच्यातल्या दोघांनी आपणहून अर्ज केला होता.

मी एवढंच शिकले. प्रोग्राम चुकला की वापरणारा तक्रार करत नाही, स्वतःलाच अडाणी समजतो. तिथं जाऊन बघावंच लागतं.