सर्पदंशाची सूची

कोल्हापुरातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. पुस्तक हवं असणारे काउंटरवर जातात, माझ्याकडे येतात ते प्रश्न घेऊन. 'या विषयावर आजवर कुणी काय लिहिलंय?' हा त्यातला नेहमीचा. मग मी डेटाबेसमध्ये शिरते, लेख, प्रबंध, अहवाल शोधून काढते आणि लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, पानं अशी नीट मांडणी करून संदर्भसूची हातात देते. या कामात आपल्या तोडीचं इथे कुणी नाही असं मला वाटायचं. दुसऱ्यांनाही तसंच वाटावं याची काळजी मी घेत होते. शोध कसा घेतला, कुठले शब्द घातले, हे कुणालाच सांगायचं नाही. फक्त छापलेली सूची द्यायची आणि 'बघा, उपयोग होतो का' म्हणायचं.

ती, माझी नवी सहकारी, आमच्याकडे बदलून आली शाहूवाडीकडच्या एका लहान कॉलेजच्या ग्रंथालयातून. संस्था एकच, त्यामुळे बदली झाली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सासरी-माहेरी दोन्हीकडे भातशेती, बोलणं मोठ्यानं आणि थेट. पहिल्याच दिवशी तिनं आपलं टेबल ओढत खिडकीपाशी नेलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हितं उजेड हाय. तुमी बी सरका की."

मी सरकले नाही.

मला वाटलं होतं, हिला सगळं शिकवावं लागेल. शिकवताना कुठला सूर लावायचा तेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की ती संगणकाला हात लावण्याआधी अर्धा तास नुसती पेन्सिल घेऊन बसते. पुस्तकांच्या नोंदींच्या रद्द झालेल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर ती शब्द लिहायची. एका शब्दाखाली त्याच अर्थाचे दुसरे शब्द, त्यांची वेगवेगळी स्पेलिंग, जुनी नावं, गावाकडची नावं. मग कुठले शब्द 'ऑर'नं जोडायचे, म्हणजे त्यातला कुठलाही चालेल, आणि कुठले 'अँड'नं, म्हणजे सगळे हवेतच, याच्या रेघा. सगळं कागदावर पक्कं झालं की मग टाइप करायची, एकदाच.

"आमच्यात नेट तासभर यायचं," तिनं सांगितलं. "त्यात बी मधनंच जायचं. मग आधी सगळं लिवून ठेवायची सवय लागली."

मी आजवर शब्द टाकून बघायचे, जमलं नाही तर बदलायचे, पुन्हा टाकायचे. त्यातच माझं कौशल्य आहे असं मी समजत होते. तिची कार्डं पाहिल्यावर आपण इतकी वर्षं अंधारात चाचपडत होतो की काय, असं क्षणभर वाटलं. मग मी स्वतःला समजावलं की तिची पद्धत म्हणजे वेळखाऊपणा आहे.

राजारामपुरीत दवाखाना असलेले एक डॉक्टर माझे जुने वाचक होते. व्यापारी जैन घरातले, पन्नाशी उलटलेले, आणि त्या वयात त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय होता पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना होणारा सर्पदंश. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आले आणि नेहमीसारखे सरळ माझ्या टेबलाशी बसले. "मॅडम, मराठी-इंग्रजी जे काही असेल ते सगळं हवं. सुटायला नको काही."

तीन दिवसांत मी सूची केली. छापून, टाचून टेबलावर ठेवली होती. ती चहाला जाता जाता थांबली. "बघू का?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पानं उलटायला लागली.

"मराठीत कमी आल्यात नोंदी."

"मराठीत लिहिलंच कमी गेलंय," मी म्हटलं.

"पान लागलं, हे घातलासा?"

मला कळलंच नाही. ती म्हणाली, "आमच्यात साप चावला म्हणत न्हाईत. सापाचं नाव घेत न्हाईत. पान लागलं म्हणत्यात. जुन्या मासिकात, वार्तापत्रात तेच असणार की. आणि इंग्रजीत स्नेक बाइट दोन शब्दांत घातलाय तुमी. एका शब्दात बी असतंय. आणि जुन्या डॉक्टरांचा एक येगळा शब्द हाय, त्यो बी बघाय पायजे."

त्या दुपारी तिनं कार्ड लिहिलं, शोध घेतला आणि माझ्या सूचीत नसलेल्या एकतीस नोंदी काढल्या. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मग खुर्ची उचलली आणि तिच्या टेबलाशी नेऊन बसले. त्यांच्या मनात काही नव्हतं, खिडकीशी उजेड होता इतकंच. पण खुर्ची फरशीवरून उचलून नेण्याचं ते दृश्य मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

त्यानंतर सगळंच मला खुपायला लागलं. लोक तिच्याशी मोकळं बोलायचे, तिच्या मोठ्या आवाजाला कुणी नावं ठेवायचं नाही, तिच्या डब्यातली भाकरी मागून घ्यायचे. नव्या संशोधकांसाठी दरवर्षी होणारी शोधपद्धतीची कार्यशाळा मी घेत आले होते. त्या वर्षी ग्रंथपाल साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "यंदा त्यांना घेऊ द्या. तुम्हाला जरा विश्रांती." विश्रांती मागितली कुणी होती? मंगळवार पेठेतल्या घरी आल्यावर मी स्वयंपाक करताना त्यावरच बोलत राहिले. नवरा शेवटी म्हणाला, "महिनाभर तू दुसऱ्या कुणाविषयी बोललीच नाहीस." मी भाजीत मीठ दुसऱ्यांदा घातलं.

डेटाबेसचं आमचं लॉगिन सामाईक होतं. कुणी काय शोधलं, किती वाजता शोधलं, ते सगळं मागच्या नोंदींत साठून राहायचं. ती जेवायला गेली की मी तिचे शोध उघडून वाचायचे. शिकायला म्हणून नव्हे. चूक सापडावी म्हणून.

आणि चूक सापडली. जुलैत ती रोपलावणीसाठी चार दिवस गावी गेली होती. जाण्याआधी डॉक्टरांसाठी तिनं इंग्रजीचा शेवटचा मोठा शोध पुरा केला होता. त्यात गुरांना साप चावल्याचे पशुवैद्यकीय लेख फार येत होते. ते गाळण्यासाठी तिनं शेवटी 'नॉट कॅटल' असं जोडलं होतं. म्हणजे ज्या नोंदीत गुरं हा शब्द असेल ती नोंदच नको. मी ते वाचलं आणि चूक कुठे आहे ते लगेच दिसलं. कारण आपल्याकडे साप चावतो कधी? गुरांसाठी गवत कापताना. पहाटे गोठ्यात जाताना. लेखाच्या सारांशात तेवढा एक उल्लेख असला तरी तो लेख गळाला. माणसांवरचाच लेख, पण गुरांमुळे गेला.

मी तो शोध 'नॉट' काढून पुन्हा चालवला. एकेक सारांश वाचला. तेवीस लेख सुटले होते. त्यांची यादी छापली आणि माझ्या खणात, टिपणवह्यांच्या खाली ठेवली.

ती परत आली तेव्हा तिच्या पायांच्या बोटांत चिखलानं कुजल्याच्या जखमा होत्या. मला म्हणाली, "डॉक्टर आल्ते का? यादी नेली का?" मी म्हटलं, "नेली." खणातल्या यादीचं सांगितलं नाही. दिवस गेले, आठवडे गेले. बोलायचं राहून गेलं असं मी म्हणू शकले असते, पण ते खरं नाही. मी रोज तो खण उघडत होते.

दिवाळीनंतर डॉक्टर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांच्या मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण परत पाठवलं होतं. मार्गदर्शकांचा स्वतःचा एक लेख सूचीत नव्हता, आणि तो या विषयातला महत्त्वाचा मानला जातो. माझ्या खणातल्या तेवीसांत तो होता. साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. तिनं कार्ड आणलं होतं. उभ्या उभ्या तिनं ते वाचलं, शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"चूक माझी हाय साहेब," ती म्हणाली. "नॉट घालाय नको हुतं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्या नजरेतून हे गेलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

आम्ही बाहेर आलो. ती आपल्या टेबलाशी बसली, संगणक सुरू केला, बराच वेळ काहीतरी बघत राहिली. मग कधी नव्हे ती हळू आवाजात बोलली.

"मॅडम, मी रोपाला गेलते तवा माझाच शोध कुणीतरी नॉट काढून चालवलाय. दुपारी सव्वातीनला. हितं दिसतंय."

मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते की डेटाबेसमध्ये प्रत्येक शोधाची नोंद राहते.

"मी चालवला," मी म्हटलं.

"मग सांगितला न्हाईसा?"

"नाही सांगितलं."

"का?"

"तुमचं चुकावं असं वाटत होतं मला."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्या माणसाचं काम हुतं ते. चार म्हैनं गेलं त्याचं." मग तोंड फिरवून कामाला लागली.

त्या संध्याकाळी मी खणातली यादी घेतली आणि रिक्षानं राजारामपुरीत डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. पेशंटांच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसले. आत गेल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी यादी घेतली, चष्मा वर करून दोन्ही पानं वाचली. "जुलैपासून होती तुमच्याकडे?" म्हणाले. मी हो म्हटलं. "बरं झालं, दिलीत," एवढं बोलून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही सांगितलं. ते काही रागावले नाहीत, पण कार्यशाळा पुन्हा माझ्याकडे आली नाही.

ती चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी एक कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "नव्यानं करू. सगळ्या नोंदी एकत्र. तुमी तपासा, मी घालती." आम्ही पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली. दोनदा आलेल्या नोंदी काढल्या, अर्धवट होत्या त्या पुऱ्या केल्या. मी प्रत्येक लेखाच्या शेवटी दिलेले संदर्भ उघडून मागे मागे जात होते. त्या वाटेनं एक जुनी वैद्यकीय पत्रिका हाती लागली, जी कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हती. तिचे बांधीव खंड आमच्याच तळघरात धूळ खात पडले होते. त्यात शाहूवाडीच्या एका डॉक्टरानं लिहिलेलं टिपण निघालं. तिच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचं गाव.

"हे कसं काढलासा?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी माझी पद्धत दाखवली. दाखवताना जीव थोडा कासावीस झाला, हेही सांगून टाकते. तिनं दोन मिनिटांत आत्मसात केली.

मागच्या महिन्यात डॉक्टरांचा प्रबंध ग्रंथालयात नोंदीसाठी आला. नोंद माझ्याकडे होती. मी आधी ऋणनिर्देशाचं पान काढलं. आम्हा दोघींची नावं होती, तिचं आधी, माझं नंतर. मी मनातल्या मनात वर्णानुक्रम लावून बघितला. वर्णानुक्रमानं माझं नाव आधी यायला हवं होतं. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि त्या पानावर दहा मिनिटं घालवली.

मग प्रबंध तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं तो मागून उघडला. ऋणनिर्देशाकडे गेलीच नाही. सूचीच्या पहिल्या नोंदीवर बोट ठेवून ती एकेक ओळ खाली उतरायला लागली, ओठ हलवत. मला तिचा पुन्हा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्तच.

"हितं पानाचा आकडा चुकलाय वाटतं," ती म्हणाली. "खंड बघाय लागंल."

मी किल्ली घेऊन तळघराकडे निघाले.