कै. सौ. च्या पुढे मशीन थांबायचं

या ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी दुकानात बसून वाचतो आणि खरं सांगायचं तर अर्ध्यावर हसून बंद करतो. रिकामं डोकं, दुसरं काय! माझा विश्वास टेस्टरवर. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याची मला लाजही वाटते आहे. पण सांगायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

मी जळगाव जामोदचा, बुलढाणा जिल्हा. स्टँडवरून बाजाराकडे येताना भांड्यांच्या दुकानांची ओळ लागते, तिच्या शेवटी माझी पत्र्याची टपरी आहे. भांड्यांवर नावं टाकणं हा माझा धंदा. तीस-एक वर्षं ती घर्रर्र करणारी इलेक्ट्रिक पेन हातात धरून टाकली, मग बोटं थरथरायला लागली तेव्हा लेझर मशीन घेतलं. कॉम्प्युटरवर नाव टाईप करायचं, यूएसबी केबलने मशीन जोडलेलं असतं, भांडं खाली ठेवायचं, की झालं.

भांडं ठेवायचं काम माझ्या बायकोचं. स्मिता. दाराजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, फडक्याने भांडं पुसायची, मशीनखाली नेमकं ठेवायची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घर काय नि दुकान काय, दोघंच. तिची एक खोड होती — पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही. "स्मिता..." शांत. "अगं स्मिता!" तेव्हा, "आली ना, काऊन बोंबलून राह्यले?" मी तिला बहिरी म्हणून चिडवायचो. मशीनलाही तीच खोड होती. कनेक्ट पहिल्या क्लिकला कधी होत नसे, दुसऱ्यांदा दाबावं लागे. ती म्हणायची, "माह्यावरच गेली ही मशीन."

मागच्या वर्षी ती गेली. ताप आला, खामगावला नेलं, पाचव्या दिवशी एकटा परत आलो. त्यानंतर भांडी मीच पुसायचो आणि मीच ठेवायचो. दिवसभरात तोंडून शब्द निघायचा तो गिऱ्हाइकाशी, तोही "नाव काय टाकू?" एवढाच.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आमच्याकडे त्या दिवशी आलेल्यांना एखादं भांडं देतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव असतं. मी एक्कावन्न स्टीलचे डबे आणले. सगळ्या तालुक्याच्या भांड्यांवर मी नावं टाकली, तर बायकोचं नाव तरी सुंदर यावं, एवढीच इच्छा होती. झाकणावर मजकूर — कै. सौ. स्मिता दिगंबर यांच्या स्मरणार्थ. दिगंबर म्हणजे मी.

पहिलं झाकण ठेवलं. 'कै. सौ.' उमटलं, आणि कॉम्प्युटरमधून तो आवाज आला — टुडुंग. डिव्हाइस डिस्कनेक्टेड.

केबल हलली असेल म्हणून परत जोडली आणि दुसरं झाकण ठेवलं. 'कै. सौ.'... टुडुंग. तिसऱ्यालाही तेच. नेमकं त्याच जागी, नावाच्या पहिल्या अक्षराआधी.

आता मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे "हे तपासलं का, ते तपासलं का" असं कोणी विचारायला नको. केबल बदलली, जाड आणि आखूड आणली. मागचा पोर्ट, पुढचा पोर्ट, सगळे बघितले. ड्रायव्हर काढून परत टाकला. कॉम्प्युटर वीज वाचवायला यूएसबी बंद करतो, ती सेटिंग काढली. टपरीमागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात दोन बादल्या पाणी आणि मीठ ओतलं. शेजारची पिठाची चक्की बंद असताना चालवून पाहिलं. फाईल उडवून मजकूर नव्याने टाईप केला. सात झाकणं गेली. सातांवर 'कै. सौ.' आणि पुढे कोरं.

बरं, बाकीची कामं? ती मख्खन. त्याच दुपारी एका निवृत्त बाईंच्या सत्काराची ताटली केली, त्यांचंही नाव स्मिताच. फॉन्ट तोच, अक्षरांचा आकार तोच, सर्रकन झाली. 'कै. सौ.' तर मी आठवड्यातून दोनदा टाकतो.

शेवटी खामगावहून गजाननला बोलावलं. मशीन त्यानेच बसवलं होतं. हुशार माणूस आहे, आणि बडबड्या. आल्या आल्या म्हणाला, "काका, अर्थिंगचा लोचा असंन. पाच मिनटाचं काम हाय." पाच मिनिटांचे तीन तास झाले. त्याने स्वतःचा लॅपटॉप काढला, स्वतःची केबल लावली, मजकूर स्वतःच्या हाताने टाईप केला. झाकण मी दिलं नाही, माझ्या हाताचा दोष नको म्हणून. त्याने स्वतःच्या हत्यारांच्या पेटीतलं टाकाऊ झाकण ठेवलं.

'कै. सौ.'... टुडुंग.

गजाननची बडबड थांबली. त्याने लॅपटॉपची केबल काढून गुंडाळली. मग हळूच म्हणाला, "मले काही समजून नाही राह्यलं काका. मशीन ओके हाय, लॅपटॉप माहा हाय. मंग हे काऊन होऊन राह्यलं?" जाताना त्याने चहाही घेतला नाही. मी मशीनवर जोरात हात आपटला. तिचं शेवटचं काम, आणि तेच होत नाही. मला रडू आलं, टपरीत, भर बाजाराच्या दिवशी.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का आली. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, बीबीला असते, लोणार तालुक्यात. तिकडची बोली जालन्याकडे झुकलेली. दोन एसट्या बदलून आलेली म्हातारी, घरी कुलूप पाहून सरळ टपरीत आली आणि निळ्या खुर्चीत बसली. वर्षभरात त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मला बरंही वाटलं आणि नकोसंही.

तिने एक अर्धवट झाकण उचललं. "पाव्हणे, नाव कुठंय हिचं?"

मी सगळी रडकथा सांगितली आणि मजकुराचा कागद दाखवला. तिने तो लांब धरून अक्षर अक्षर वाचला.

"स्मिता..." ती म्हणाली. "वर्ष झालं तिला जाऊन, पन मला अजून हे नाव तिचं वाटंना बगा. आमची ती कमलच व्हती."

मला एकदम आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतो, पण आठवायची वेळ कधी आली नव्हती. माझ्या आईचं नावही कमल. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "एका घरात दोन कमल कायले? सुनेले हाक मारली तं ओ काय मी देऊ?" सगळे हसले. नाव मीच निवडलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने मीच लिहिलं — स्मिता. माझं अक्षर आधीपासून चांगलं, मांडवात सगळ्यांनी कौतुक केलं. ती खाली मान घालून बसली होती. नवरी लाजते आहे असं मला वाटलं.

"लाजत नव्हती," अक्का म्हणाली. "पाठवनीच्या टायमाला माझ्या गळ्यात पडली. म्हनली, अक्का, घर सुटलं ते ठीक हाय. नाव कशापायी काढून घेतलं गं?"

आई जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यानंतर घरात कमल नावाचं कोणी नव्हतं, तरी मला सुचलं नाही. लोकांची नावं टाकून पोट भरणारा माणूस मी, आणि बायकोचं नाव मीच पुसलं. ती बहिरी नव्हती हो. पहिली हाक तिला स्वतःची वाटतच नव्हती.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. 'स्मिता' खोडलं, 'कमल' टाईप केलं. कनेक्ट दाबलं. पहिल्याच क्लिकला झालं. अक्काने पदराने झाकण पुसलं आणि खाली ठेवलं, थोडं तिरपं, ते मी सरळ केलं.

कै. सौ. कमल दिगंबर यांच्या स्मरणार्थ. एका दमात.

एक्कावन्न झाली. ती सात अर्धवट झाकणंसुद्धा वाया गेली नाहीत — सगळी नेमकी नावाआधी थांबलेली, त्यामुळे फक्त पुढचं उमटवायचं होतं. जणू जागा राखून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी लोकांनी डबे घेतले, काहींनी विचारलं, ही कमल कोण? प्रत्येकाला मी सांगितलं, माझी बायको.

पंधरा दिवसांनी गजानन आला. त्याला चैन पडत नव्हती. म्हणाला, "काका, जुनी फाईल एकदा चालवून पाहू." मी नको म्हणत होतो, तरी त्याने टाकाऊ झाकणावर चालवली. कै. सौ. स्मिता दिगंबर यांच्या स्मरणार्थ... सगळं उमटलं. कुठेही थांबलं नाही. गजानन खूश. "फॉल्ट गेला काका!" त्याने यावेळी चहा घेतला. मी मात्र माझा कप तसाच ठेवला. तिचं तेवढं एकच काम होतं माझ्याकडे, ते झालं आणि ती निघून गेली, असं मला वाटलं. ती गेल्यावर वर्षभर जेवढं एकटं वाटलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी वाटलं.

केबल, पोर्ट, अर्थिंग — कोणाला यातून काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. गजाननला काही सुचलं नाही, मलाही नाही. मशीन आता रोज पहिल्या क्लिकला कनेक्ट होतं आणि दिवसभर चालतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी निळ्या खुर्चीकडे बघून "कमल" अशी हाक मारतो. ओ येत नाही. येणार नाही, हे मला कळतं. पण दुसऱ्यांदा हाक मारत नाही. दोन हाका लागायच्या त्या मी ठेवलेल्या नावाला.