बोंबलांच्या दोरीवरची चड्डी

शिडाच्या बोटीने गोव्याहून पोरबंदरला निघालेलो आम्ही चार डोंबिवलीकर. उत्तनच्या बंदरात एक दिवस आराम होता, म्हणून किनाऱ्यावरच्या दोऱ्यांवर ओले कपडे टाकले आणि बोटीत ताणून दिली. त्या दोऱ्या बोंबील वाळवायच्या होत्या.

उठून बघतो तर एक कोळीण आमच्या कप्तानाची चड्डी दोन बोटांनी बाजूला सरकवत होती. मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून तिथेच टांगत होती.

"अहो मावशी, कपडे वाळतायत ना!" कप्तान भडकला.

तिने मानही वळवली नाही. "वारा काय तुमच्या एकट्याच्या शिडालाच हाय?"

पुढे धुऊन धुऊन साबण संपला, वास गेला नाही. पोरबंदर गाठून परतलो आणि डोंबिवली स्टेशनवर दर्यावर्दीच्या थाटात उतरलो. स्वागताला सोसायटीतली झाडून सगळी मांजरं हजर होती.