शिवकन्येची सावली

पाटोद्याजवळच्या एका खेड्यातली शिवकन्या बंगळुरात उपग्रहांसाठी सोलर सेल आखते. तिकडे अवकाशात ओळीतल्या एका सेलवर अँटेनाची सावली पडली, तरी अख्ख्या ओळीची वीज अडते. म्हणून प्रत्येक सेलला विजेची वाट वळवणारा डायोड लावायचा. या एवढ्याशा सावलीपायी तिची अकरा वर्षं गेली. चांगली चांगली स्थळंही त्यातच गेली, असं भावकीचं म्हणणं.

२०१९च्या संक्रांतीला ती घरी आली, तेव्हा पावसाने दगा दिलेल्या गावाला पौषातच टँकर लागला होता. पाणीपुरवठा सहकारी संस्थेने बोअरवर सोलर पंप बसवला होता खरा. पण ऐन दुपारी, लख्ख उन्हात, तो मान टाकायचा. मग दुखरे गुडघे घेऊन तिची आई केशरबाई टँकरमागे घागर घेऊन पळायची. 

ते बघून शिवकन्या तडक पंपावर गेली. पॅनेलच्या दक्षिणेला, रस्त्याच्या कडेला, दहा फुटी फलक उभा! 'गावच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन.' वर तिचा चेहरा, खाली हात जोडलेले संस्थेचे चेअरमन. आणि फलकाची सावली बरोबर पॅनेलच्या खालच्या ओळीवर.

"हे काढलं कावून न्हाई?" तिने पंप सांभाळणाऱ्या शफीला विचारलं.

"दोनदा चढलो, ताई. चेअरमनबी काढा म्हनले, त्यांचं इलेक्शन झालं. पन तुमची माय दगड घेऊन खाली हुबी."

घ्या! जिच्या गुडघ्यांसाठी लेकीचा जीव तुटत होता, तीच राखणीला. अवकाशातल्या सावलीवर इलाज होता. आईच्या कौतुकाला कुठला डायोड लावायचा?

तोडगा तसा सोपा होता. फलक पॅनेलच्या मागे, उत्तरेला नेला की सावलीचा प्रश्नच मिटला. शफीने शिडी लावली, तोच केशरबाई दगडासकट हजर.

"उत्तरंला मसनवाटा हाय! तितं कोन बगनार माज्या लेकीला?"

"आज ना उद्या सगळं गाव बगंल, मावशी," शफी म्हणाला.

शिवकन्येला हसू आवरेना. केशरबाई मात्र हसली नाही. मसणवाट्यातल्या बाभळींकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने दगड टाकून दिला.

"लाव तितंच. तोंड बाभळीकडं कर. हिच्या बापाला तितंच पोचवलाय. शिकून काय आभाळात जायाचीय का, म्हनून पोरीची पुस्तकं चुलीत घालायचा. बगू दे त्याला."